वेलदोडे आणि खीर

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आईच्या प्रश्नाचं. "देवाला हात जोडत नाहीस, मग रोज पहाटे डोळे मिटून बसतोस ते कोणासाठी?"

कोणासाठीच नाही. इगतपुरीला १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हापासूनची ही सवय. पहाटे ४ ला घंटा, मौन, पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास बघायचा. प्रवचनात पुनर्जन्माचा विषय यायचा तेव्हा मी मनातल्या मनात कान बंद करायचो. त्याला मुभाही होती. गोएंका गुरुजी गोष्ट सांगायचे, खिरीतले वेलदोडे पोराला खडे वाटले तर ते बाजूला काढावेत, खीर टाकू नये!

"हा कसला सोयीचा बौद्ध धर्म?" असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, हे बुद्धानंच कालामांना सांगितलं. बाबासाहेबांनी तर आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या (१९५७) प्रस्तावनेतच चार आर्यसत्यं, कर्म, पुनर्जन्म यांवर प्रश्न उभे केले. तेव्हा शंका घेणारा बाहेरचा ठरत नाही.

पण...

मागच्या महिन्यात एका लग्नात पंगतीला कोणीतरी वाढप्याचं आडनाव विचारलं आणि मग त्यावर एक विनोद केला. सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. छातीतली धडधड 'समतेनं' बघत बसलो आणि वर स्वतःवर खूषही झालो. (त्या पंगतीतले काहीजण हे वाचत असतील. वाचा.)

मित्राला सांगितलं. त्याचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर होते. तो शांतपणे म्हणाला, "तुला मनःशांती हवी होती. आमच्या आजोबांना माणूसपण हवं होतं. दोघं एकाच बुद्धाकडे गेलात, बघ."

रात्रभर झोप नाही. मग आठवलं, शिबिरात श्वासाच्याही आधी पंचशील देतात. आधी वागणं, मग डोळे मिटणं. मी पुनर्जन्माचा वेलदोडा काढता काढता खीरच सांडून आलो होतो.

देव, आत्मा, स्वर्ग वगळून बुद्ध घेता येतो, असं मला आजही वाटतं. शेजारचा माणूस वगळून मात्र नाही. तसं केलं तर उरतो तो फक्त श्वासाचा व्यायाम.

असो. त्या वाढप्याची माफी मागायची राहिलीच. तुम्ही तिथे असता तर बोलला असतात?