नाकाचा निकाल

डबाबंद मासळी नासली आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्यापायी कॅनडात १९८५ साली एका मंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. सेंट अँड्र्यूज येथील स्टारकिस्ट कारखान्याचे ट्यूना माशाचे सुमारे १० लाख डबे सरकारी निरीक्षकांनी खाण्यास अयोग्य ठरविले होते. मत्स्यव्यवसायमंत्री जॉन फ्रेझर यांनी ते विक्रीस मोकळे केले. १७ सप्टेंबरला दूरचित्रवाणीने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि २३ तारखेला फ्रेझर यांनी राजीनामा दिला.

त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. डबे खाऊन कोणी दगावले नव्हते, आणि कारखान्यावर शेकडो संसार अवलंबून होते. शिवाय वास म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, असे म्हणणारे असतातच. मला हे पटत नाही. तंबोऱ्याचा खर्ज केसभर उतरला तरी तयार कानाच्या शागीर्दाला तो यंत्रावाचून कळतो, आणि अशा दहा कानांत दुमत होत नाही. नाकाचेही तसेच आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आजही शिकवून तयार केलेल्या नाकांचा निर्णय ग्राह्य धरते. प्रयोगशाळा हिस्टामीन मोजते. पकडलेला मासा थंड करण्यास उशीर झाला की जिवाणू ते निर्माण करतात, आणि मग डबा कितीही तापवा, ते नष्ट होत नाही. पण हिस्टामीन सापडले नाही म्हणून मासा ताजा, असे ठरत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात पदार्थ कुजलेला असणे हाच दोष. कोणाचे पोट बिघडलेच पाहिजे अशी अट नाही. गंमत अशी, की जप्तीचा दावा तेथे मालकावर नव्हे, तर खुद्द पेट्यांवर लावतात! आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही नासके, कुजके अन्न ‘असुरक्षित’ याच व्याख्येत बसते. कलम ३८ अन्वये अधिकारी माल जप्त करू शकतो. विश्लेषकाने नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत द्यावयाचा असतो, आणि त्याविरुद्ध अपिलाची सोयही आहे. ती हवीच. कारखानदाराने दुसऱ्या जाणत्याकडे जरूर जावे. मंत्र्याच्या दिवाणखान्यात जाण्याचे कारण नाही.

फ्रेझर पुढे १९८६ मध्ये तेथील लोकसभेचे अध्यक्ष झाले, तेही सभासदांच्या गुप्त मतदानाने.