चौसष्टांचा हजेरीपट
शेजारच्या मुलानं या आठवड्यात थ्रेडरिपर ३९९०एक्स या प्रोसेसरचं कौतुक ऐकवलं आणि मला विंडोजचा हजेरीपट आठवला. कोण कामावर, हे विंडोज ६४ बिटांच्या एका आकड्यात टिपते. एका लॉजिकल प्रोसेसरला, म्हणजे एका थ्रेडला, एक बिट. २०२० साली हा पठ्ठ्या १२८ थ्रेड घेऊन आला, तर तिनं ६४-६४चे दोन गट पाडले आणि जुनी सॉफ्टवेअर एकाच गटात राबत बसली. हे मी समजून घेतो, गणितच तसं. पण विंडोज एक्सपीची होम आवृत्ती एकच प्रोसेसर चिप ओळखायची, महागडी प्रोफेशनल दोन! फुकटातलं लिनक्स ८१९२ लॉजिकल प्रोसेसरपर्यंत मोजायची तयारी ठेवतं. विकत घेतलेलं यंत्र पूर्ण ओळखायला पुन्हा पैसे मागणं ही निव्वळ लबाडी आहे.