कांचेंतील समुद्र

जुहूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबास आपल्या दिवाणखान्यांतहि खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी असावी असें वाटलें, तर नवल नाहीं. १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय ज्यांनीं लहानपणीं पाहिलें, त्यांस तर ही हौस अधिकच. परंतु पेटी मांडून दोन-तीन आठवडे होतात न होतात तोंच वाळूवर व कांचेवर तपकिरी लेप चढतो, आणि सारें पाणी ओतून वाळू नळाखालीं धुण्याचा ठराव घरांत एकमतानें पास होतो!

आमचें सांगणें असें कीं, हात आवरावा. हा लेप डायाटम नांवाच्या सूक्ष्म शैवालांचा असून पाण्यांतील सिलिका संपत आली कीं तो बहुधा आपोआप विरतो. वाळू धुतल्यानें मात्र अमोनियाचें नायट्राइट व त्याचें नायट्रेट करणारे जीवाणु नष्ट होतात. ते पुन्हां जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोंवर अमोनिया माशांच्या जिवावर उठतो.

हिरवें, केसाळ शेवाळ आलें तर गोष्ट निराळी. तें नायट्रेट व फॉस्फेट यांवर पोसतें, आणि एकत्र कुटुंबांत तें पुरविणारे हात पुष्कळ. सकाळीं आजोबा चिमूटभर खाद्य टाकतात, दुपारीं काकू, सायंकाळीं मुलें. मासे नेहमींच उपाशी दिसतात; त्यांच्या तोंडाकडे पाहूं नये. खाद्याची डबी एकाच्याच स्वाधीन करावी. दिवा आठ तासांहून अधिक नको, पश्चिमेच्या खिडकीचें ऊन तर नकोच. आठवड्यास दशांश पाणी बदलावें. मात्र तें चौपाटीवरून बादलीनें आणूं नये, कारण तेथें नाल्यांचें पाणी मिसळतें. आर. ओ. यंत्राच्या पाण्यांत मत्स्यपेटीसाठीं मिळणारें मीठ विरघळवावें. वाफेनें उणें झालेलें पाणी भरतांना मात्र मीठ घालूं नये. मीठ वाफेबरोबर उडत नाहीं.