बॉयलरची परीक्षा दरवर्षी, माणसाची एकदाच

"काचेत पाणी दिसत नाही. काय करशील?"

मागच्या महिन्यात बुटीबोरीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर नव्यानं लागलेल्या पोट्ट्याला मी हे विचारलं. त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं. टॅबवर परीक्षा देऊन मिळालेलं, क्यूआर कोड छापलेलं, चांगल्या जाड कागदावर. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "काका, ऑप्शन काय काय आहेत?"

"ऑप्शन नाही बाप्पा. तू आहे अन् बॉयलर आहे."

"मग फीड पंप चालू करून पाणी घेतो."

१९९१ साली सेकंड क्लास अटेंडंटच्या तोंडी परीक्षेत मी हे उत्तर दिलं असतं, तर समोरच्या साहेबांनी पुढचा प्रश्न न विचारता घरी पाठवलं असतं. पाणी खरंच उतरलं असेल तर आतला पत्रा आणि नळ्या लाल झालेल्या असतात. त्यावर गार पाणी सोडणं म्हणजे आपल्या हातानं बॉयलर फोडणं. आधी काच तपासायची. पाणी नाहीच म्हटल्यावर आग बंद करायची, पाणी द्यायचं नाही, बॉयलर निवू द्यायचा. एवढं साधं उत्तर आहे. पण अंगात भिनलेलं नसेल तर ऐन वेळी हात पंपाच्या बटणाकडेच जातो. पाणी कमी झालं की पाणी घालावं, हे घरी चुलीपाशीच शिकलेलो असतो ना आपण!

मी १९८८ मध्ये हिंगण्याच्या एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो, पुढे बुटीबोरीत गेलो. निवृत्त झालो तेव्हा फर्स्ट क्लास अटेंडंट होतो. मला शिकवणारे मिस्तरी चौथी शिकलेले. त्या पोट्ट्याला विचारली ती काच म्हणजे गेज ग्लास: बॉयलरच्या अंगावर उभी बसवलेली, आतलं पाणी किती ते दाखवणारी. वर वाफेचा कॉक, खाली पाण्याचा, तळाशी ड्रेन. पहिल्याच आठवड्यात मी काचेकडे बघून "पाणी अर्ध्यावर आहे" असं मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "किती हाये ते मंग पाह्य बे. आधी ते डुलून राह्यलं का ते पाह्य."

चालत्या बॉयलरचं पाणी काचेत जरासं हलत असतं. हलायचं थांबलं की कुठला तरी कॉक चोंदला समजायचं. मग काचेत दिसतं ते पाणी आतलं नसतंच. मिस्तरींनी दोन्ही कॉक बंद करून ड्रेन उघडला, काच रिकामी केली. मग नुसता पाण्याचा कॉक उघडला: धार जोरात आली, म्हणजे खालचा रस्ता मोकळा. तो बंद करून वाफेचा उघडला: फुसफुस करत वाफ आली, वरचाही मोकळा. शेवटी ड्रेन बंद करून पाणी परत चढू दिलं. हे करताना उभं राहायचं काचेच्या बाजूला, समोर कधीच नाही. यालाच आम्ही काच उडवणं म्हणतो. दोन मिनिटांचं काम. पण मे महिन्यात, बाहेरच ४५ अंश असताना, आवळून बसलेला कॉक फडक्यानं धरून फिरवायचा म्हणजे काय, हे टॅबवरच्या चार पर्यायांत कसं मावणार?

मी यंत्रांच्या विरोधात नाही. कोराडीला ६६० मेगावॉटचे संच आहेत. तिथले ऑपरेटर सिम्युलेटरवर घडतात, आणि ते उत्तमच. सिम्युलेटरवर माणसाला दहा वेळा चुकू देता येतं, संच बंद पाडून पुन्हा सुरू करता येतो. मोठ्या वीज केंद्रांसाठी ठरावीक प्रशिक्षण घेतल्याशिवाय माणूस उभा करायचा नाही, असा नियमच आहे. तरी उत्तर प्रदेशात उंचाहारला १ नोव्हेंबर २०१७ रोजी ५०० मेगावॉटच्या संचातल्या अपघातात चाळीसहून अधिक माणसं गेली. भट्टीच्या तळाशी राख घट्ट बसली होती आणि संच चालू ठेवूनच ती फोडायचं काम सुरू होतं. कंट्रोल रूममधला माणूस शिकलेला आणि राखेशी उभा असलेला ठेकेदाराचा, ही दरी कुठलाही सिम्युलेटर भरून काढत नाही.

आणि माझी काळजी कोराडीची नाहीच. ती आहे ताशी तीन टन वाफ देणाऱ्या छोट्या बॉयलरची. गोंदियाकडच्या उकड्या तांदळाच्या गिरण्या घ्या, नाहीतर बुटीबोरीतले खाद्यपदार्थांचे कारखाने. मालक म्हणतात, आता सगळं ऑटोमॅटिक आहे, पाणी उतरलं की बर्नर आपोआप बंद होतो. खरं आहे. पण बोअरच्या जड पाण्यानं पातळी ओळखणाऱ्या प्रोबवर क्षार बसतात, बर्नर उगीचच ट्रिप होऊ लागतो, उत्पादन अडतं. मग रात्री कोणी तरी एक वायर जोडून प्रोबलाच बगल देतो आणि ती कटकट मिटवतो. मी ती वायर स्वतःच्या हातानं काढलेली आहे, दोनदा.

एका ठिकाणी तर फर्स्ट क्लासचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेम करून टांगलेलं होतं आणि ते ज्याचं होतं तो अटेंडंट मी सहा महिन्यांत एकदाही बॉयलरपाशी पाहिला नाही. रात्रपाळीला होता हेल्पर. चांगला पोरगा होता, भित्रा. म्हणूनच काही झालं नसावं.

आपल्याकडे बॉयलरचा कायदा आला तोच स्फोटातून. १८६३ मध्ये कलकत्त्यात मोठा स्फोट झाला, पुढच्या वर्षी बंगालमध्ये कायदा झाला, १९२३ मध्ये सगळ्या देशाला एक. आता तोही जाऊन २०२५ चा नवा आला आहे. या सगळ्यात बॉयलरची ठरावीक मुदतीत तपासणी कायम राहिली. आमच्याकडे दरवर्षी बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक यायचे. हायड्रॉलिक टेस्ट व्हायची, सेफ्टी व्हॉल्व किती दाबाला उडतो ते पाहिलं जायचं. पत्र्यावर एवढा संशय, आणि पत्र्याशी उभ्या माणसावर डोळे झाकून विश्वास! माझं फर्स्ट क्लासचं प्रमाणपत्र १९९६ चं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मला एकाही माणसानं कामाबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

माणसाचीही परीक्षा घ्यायची तर त्यासाठी नवं महामंडळ नको, नवं ॲप तर अजिबात नको. सेफ्टी व्हॉल्व बघायला निरीक्षक येतात, तेव्हा बॉयलर वाफेवर असतोच. त्याच दिवशी तिन्ही पाळ्यांची माणसं बोलवा, रात्रीचा हेल्परसुद्धा. प्रत्येकाला सांगा, काच उडवून दाखव. माणशी दोन मिनिटं. जो काचेच्या समोर उभा राहील त्याला तिथंच थांबवा, आणि पुन्हा शिकल्याशिवाय बॉयलरपाशी येऊ देऊ नका. वेळ उरलाच तर एकदा मालकांनाही फडकं द्या हातात.