मोहाचा निवाडा कुणी करायचा?

फाल्गुन सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पहाटेपासून मोहफुले वेचण्याची लगबग सुरू होते. वाघाच्या मुलखात हे काम जिवावरचे. तरी बायका-मुलांसह घरेच्या घरे टोपल्या घेऊन निघतात. कारण वाळवलेले मोहफूल म्हणजे घरातले अन्न आणि बाजाराच्या दिवशीची रोकडही.

हीच फुले पाण्यात आंबवायची, मडक्यात उकळायची आणि वाफ थंड पाण्याने निववून थेंब थेंब धरायची, ही गोंड-माडिया घरांतली जुनी विद्या. लग्नात, मयतीत, देवाच्या कार्यात मोहाला मान असतो. शास्त्र पाहिले तर गव्हाची बिअर, गोव्याची फेणी आणि मोह यांत मूळ क्रिया एकच: साखरेवर किण्व जगते आणि मद्य होते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुण्या-मुंबईत गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने घालून केलेले प्रयोग परवान्यानिशी विकले जातात. मोहाचे मडके चुलीवर चढले की मात्र तो गुन्हा! हा भेद जुना आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहफुलांवर इंग्रजांनी १८९२ मध्ये खास कायदाच केला. त्यामागे नीतीपेक्षा अबकारी महसुलाची काळजी अधिक होती.

म्हणून मोह सरसकट मोकळा करावा काय? इतके सोपे नाही. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांचे त्यातील काम सर्वश्रुत आहे. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी चालत गेल्या. २०१५ मध्ये त्यांच्या जिल्ह्यात बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठलीही. ज्या घरची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर जाते, त्या घरच्या बाईला परंपरेची थोरवी ऐकवणे हा निर्दयपणा आहे. शिवाय गुत्त्यावरची दारू म्हणजे घरच्या मडक्यातला मोह नव्हे. तिच्यात गूळ असतो, नवसागर असतो, आणि पोटावर पाय देणारा धंदा असतो.

माझे आयुष्य बँकेत जमाखर्च पाहण्यात गेले. त्या सवयीने पाहतो तेव्हा दिसते ते असे: दारू खुली असली की महसूल सरकारचा, बंद असली की नफा चोरट्या विक्रेत्याचा. फुलाच्या भावातला फरक व्यापाऱ्याचा. बाईच्या नावावर दोन्ही वेळा फक्त खर्च पडतो. आणि निर्णय घेताना तिला विचारतो कोण?

विचारण्याची सोय कायद्यातच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दोन अधिकार एकाच कलमात दिले: मादक पदार्थांची बंदी किंवा नियमन करण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. म्हणजे फूल आणि दारू, दोहोंचा विचार एकाच बैठकीत करता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर त्याआधीच गावातल्या बायकांच्या आग्रहावरून दारूचा प्रश्न ग्रामसभेत घेतला आणि बहुमताच्या जोरावर नव्हे, सर्वांच्या सहमतीने सोडवला. सहमतीला वेळ लागतो. पण जो निर्णय आपणच घेतला तो पाळायला पोलीस लागत नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले, ते बरेच झाले. फुलाला चांगला भाव आणि साठवणुकीला जागा मिळाली तर लाडू-सरबतापासून औषधापर्यंत वाटा आहेत. पण बंदी हवी की मोकळीक, घरच्या कार्यापुरते मडके चालावे की तेही नको, हे नागपूर-मुंबईच्या कचेरीत ठरू नये. ते त्या त्या गावाने, बायकांना पुढच्या रांगेत बसवून ठरवावे. आणि गावाने ठरवल्यावर चोरट्या विक्रेत्याला आवरण्याचे काम तेवढे सरकारने चोख करावे.