आणि काही झालेच तर?

गेल्या दिवाळीच्या सुटीआधीची गोष्ट. आमच्या दोन माजी विद्यार्थिनी विभागात भेटावयास आल्या. दोघीही आता जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका आहेत आणि दोघींनी स्वतःच्या पगारातून मुंबई-गोवा अशी क्रूझची सहल ठरवली होती. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई आणि तेथून जहाज. सोबत एकीची आई आली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "दोघी एकट्याच जाऊन राहिल्या जी, मॅडम. काही झालंच तर?"

मराठीच्या प्राध्यापकांना अशा वेळी जे सुचावे तेच आम्हांला सुचले. आम्ही आनंदीबाई जोशींचे उदाहरण दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, सेरामपूरला, परदेशी निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले आणि लोक त्यांना जे प्रश्न विचारीत होते त्यांना एकेक करून उत्तरे दिली. एकटी का जातेस, परतल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत काय, या प्रश्नांबरोबरच संकट आले तर काय करशील, हाही एक प्रश्न होता. आनंदीबाईंचे उत्तर धैर्याचे होते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा. पती सोबत नाहीत, सोबतीला फक्त अमेरिकन मिशनरी स्त्रिया.

आमच्या या व्याख्यानाने आईचे समाधान झाले असावे. विद्यार्थिनीचे झाले नाही. ती म्हणाली, "सर, धैर्य आहे म्हणूनच तर तिकीट काढलं. आमचं विचारणं वेगळं आहे. रात्री केबिनच्या दाराशी कोणी आलं तर फोन कुणाला करायचा?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख त्या दिवशीच्या निरुत्तरतेतून लिहिला आहे.

प्रथम त्या आईच्या वाक्याकडे पाहू. 'दोघी एकट्या' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज करतो की त्यातील विसंगती जाणवत नाही. दोन पुरुष प्रवासास निघाले तर ते 'दोघे' असतात. दोन स्त्रिया निघाल्या तर त्या 'दोघी एकट्या' होतात. म्हणजे येथे 'एकटी' हा शब्द संख्या सांगत नाही. प्रसंग ओढवला तर जिच्या वतीने बोलणारे कोणी नाही ती एकटी, असा त्याचा खरा अर्थ आहे. असे पाहिले की आईची भीती जुनाट वाटेनाशी होते. ती एक अत्यंत नेमका प्रश्न विचारीत असते: तेथे आपल्या वतीने उभे राहणारे कोण आहे?

आम्ही तलावांच्या जिल्ह्यातले लोक. पाण्याची आमची ओळख नवेगावबांधच्या तलावाची, वैनगंगेची आणि तिच्यावरील डोंग्याची. पाण्याची भीती म्हणजे बुडण्याची भीती, एवढेच आम्ही जाणतो. किनाऱ्यावरच्या मराठी माणसाच्या स्मृतीतही जहाजाचे भय बहुधा याच रूपात वसलेले आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या अनेक घरांत ते नाव अजून निघते. आजच्या क्रूझवर बुडण्याची भीती अर्थातच पुष्कळ कमी आहे. तेथील प्रश्न समुद्राचा नसून माणसांचा आहे. दोन-तीन हजार अनोळखी माणसे, मुक्तपणे मिळणारे मद्य, रात्रभर चालणारे कार्यक्रम, बाहेरूनही उघडता येणाऱ्या केबिनी आणि चोहोबाजूंनी पाणी. एखाद्या लहान गावाएवढी वस्ती तेथे असते. फक्त त्या गावाला पोलीस ठाणे नसते. सुरक्षारक्षक असतात, पण ते जहाज चालवणाऱ्या कंपनीचेच नोकर असतात. ज्यांच्याविरुद्ध तक्रार व्हायची, कदाचित त्यांच्याच पगारावर तक्रार नोंदवून घेणारा अवलंबून असतो.

आगगाडीशी तुलना केली म्हणजे हा फरक कळेल. गोंदिया ते मुंबई या प्रवासात काही विपरीत घडले तर १३९ हा क्रमांक आहे, पुढल्या स्थानकावर लोहमार्ग पोलीस आहेत, आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार कोठेही नोंदवता येते. व्यवस्था नेहमीच तत्पर असते असा आमचा दावा नाही. परंतु जाब कोणाला विचारायचा हे तरी ठाऊक असते. गाडी ज्या जमिनीवरून धावते तिचाच कायदा गाडीत चालतो.

जहाजाचे तसे नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, एवढाच समुद्र देशाचा प्रादेशिक समुद्र होय. त्यापलीकडे खुल्या समुद्रात १९८२च्या आंतरराष्ट्रीय सागरी करारानुसार जहाजावर मुख्यतः त्या देशाचा अधिकार चालतो ज्याचा ध्वज त्यावर आहे. आणि जगातील बहुसंख्य क्रूझ जहाजांवर ध्वज असतो तो बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांचा. कर आणि कामगारविषयक नियम तेथे सोयीचे पडतात म्हणून ही नोंदणी. प्रवासी मुंबईचा, मालक तिसरीकडचा, नोकरवर्ग दहा देशांतला आणि कायदा एका अशा बेटाचा जे प्रवाशाने नकाशावरही कधी शोधलेले नसते.

'जहाजावर कायदा कोणाचा' हा प्रश्न मराठी वाचकास खरे म्हणजे नवा नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी उडी घेतली, तो प्रसंग आपण शाळेपासून ऐकत आलो. आपण उडी लक्षात ठेवली. उडीनंतरचा खटला मात्र विसरलो. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला फ्रेंच शिपायाने पकडून ब्रिटिशांच्या हवाली केले, ते योग्य की अयोग्य, यावर दोन राष्ट्रे हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेली. पकडण्यात अनियमितता झाली, तरी कैद्याला परत देण्याचे ब्रिटनवर बंधन नाही, असा निकाल २४ फेब्रुवारी १९११ रोजी लागला. पुढे १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. घटना प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची होती. ते प्रकरणही अखेर हेगलाच गेले आणि २०२०मध्ये निर्णय आला की त्या नौसैनिकांवर भारतात खटला चालवता येणार नाही. भारताला भरपाई मिळेल. एका शतकाच्या अंतरावरील या दोन निकालांत कितीतरी भेद आहेत. परंतु पाण्यावर न्याय मागणाऱ्याची वाट किती लांबची असते, हे दोन्हींतून सारखेच दिसते.

आपला कायदा तेथे अगदीच हतबल आहे असे मात्र नव्हे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार भारतीय नागरिकाने जगात कोठेही केलेला गुन्हा, तसेच भारतात नोंदलेल्या जहाजावर कोणीही केलेला गुन्हा, आपल्या कायद्याच्या कक्षेत येतो. देशाबाहेर घडलेल्या अशा गुन्ह्याचा खटला येथे चालवण्यास केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. पण जहाज परदेशी, आरोपी परदेशी, स्थळ खुला समुद्र आणि पीडिता आपली, अशा प्रसंगी आपली पकड फार सैल होते. शिवाय पुरावा टिकतो कोठे? केबिन सकाळी धुऊन-पुसून पुढल्या प्रवाशासाठी सज्ज होते, आणि साक्षीदार पुढल्या बंदरावर उतरून आपापल्या देशी निघून जातात.

आपल्याकडे क्रूझ बातमीत आली ती कशामुळे, हेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये 'आंग्रिया' या मुंबई-गोवा जहाजाच्या उद्घाटनप्रसंगी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सुरक्षित जागेपलीकडे, जहाजाच्या टोकाशी बसून छायाचित्र काढीत असल्याची दृश्ये देशभर फिरली. चर्चा झाली ती एका व्यक्तीच्या वर्तनाची. कठड्यांची आणि नियमांची नव्हे. २ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या बंदरात एका क्रूझवर अमली पदार्थांसंबंधी धाड पडली. चित्रपट-अभिनेत्याच्या मुलास अटक झाली, कित्येक आठवडे वाहिन्यांना दुसरा विषय नव्हता. आणि मे २०२२मध्ये पुरेशा पुराव्याअभावी त्याचे नाव आरोपपत्रातून वगळले गेले. एवढ्या गदारोळात सामान्य प्रवाशाच्या सुरक्षिततेविषयी किती वाक्ये बोलली गेली? आम्हांला तरी आठवत नाही. गुन्हा आपल्याला कथानक म्हणून हवा असतो. व्यवस्थेचा प्रश्न म्हणून तो आपल्याला कंटाळवाणा वाटतो.

अमेरिकेत हा प्रश्न व्यवस्थेचा झाला, पण तो सहज झाला नाही. क्रूझवरून बेपत्ता झालेल्या वा अत्याचार झालेल्या प्रवाशांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१०मध्ये तेथे क्रूझ-सुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला. कठड्याची उंची किमान ४२ इंच असावी, केबिनच्या दाराला बाहेरचे माणूस दिसण्यासाठी भिंग असावे, लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगी तपासणी करू शकणारे प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारी व साहित्य जहाजावर असावे, गंभीर गुन्ह्याची माहिती तपास यंत्रणेस कळवावी, अशी त्यातील कलमे आहेत. अशा गुन्ह्यांची कंपनीवार आकडेवारीही तेथे जाहीर होते, आणि तीत लैंगिक अत्याचाराच्या नोंदी ठळकपणे पुढे असतात. दाराचे भिंग ही केवढीशी वस्तू! परंतु ते भिंग दारात बसावे म्हणून कोणाच्या तरी आई-वडिलांना संसदेच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

आपल्याकडे ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' सुरू झाले. २०२९पर्यंत क्रूझ-प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५मध्ये मुंबईत नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र अमेरिकेसारखा, केवळ क्रूझवरील गुन्ह्यांचा विचार करणारा कायदा आपल्याकडे नाही. प्रवासी दुप्पट व्हावयाचे असतील तर त्यांच्या वतीने उभी राहणारी व्यवस्थाही त्याच गतीने वाढली पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, साहित्याच्या प्राध्यापकांनी या भानगडीत का पडावे? आमचे उत्तर असे की हा प्रश्न वाचनाचाही आहे. क्रूझची माहितीपत्रिका आणि क्रूझच्या तिकिटामागील अटी हे एकाच प्रवासाविषयीचे दोन पाठ आहेत. पहिल्यात चांदणे, क्षितिज, निळाई. दुसऱ्यात बारीक अक्षरांतील जबाबदारीचा इन्कार. पहिला सर्वजण वाचतात, दुसरा कोणीच वाचत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एका दांपत्याने क्रूझवर झालेल्या दुखापतीबद्दल दावा लावला, तेव्हा तिकिटावरील छापील अटीनुसार तो दावा देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातच लावला पाहिजे, असे १९९१मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अट वाचली नाही ही सबब चालली नाही. आम्ही वर्गात कवितेतील अनुक्ताचा शोध घ्यायला शिकवतो; तिकिटातील उक्त वाचायलाही शिकवले पाहिजे.

क्रूझ म्हणजे गुन्ह्यांचे आगर, असे आम्हांस सुचवावयाचे नाही. बहुसंख्य प्रवासी सुखरूप जातात आणि आनंदाने परततात. भीती दाखवून मुलींना घरी बसवण्याचे काम करणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांत आमची भर नको. उलट, मुलींनी निर्धास्त जावे म्हणूनच उत्तरदायित्वाची विचारणा करायची. इतकी वर्षे 'काही झाले तर' हा प्रश्न आपण प्रवासिनीला विचारीत आलो आणि तिने धैर्याचे उत्तर दिले की टाळ्या वाजवीत आलो. त्या दिवशी आनंदीबाईंचे उदाहरण देऊन आम्हीही तेच केले. प्रश्न तिला विचारायचाच नव्हता. तो जहाजाला, कंपनीला आणि शासनाला विचारायचा होता.

म्हणून मग आम्ही त्या दोघींसह बसून एक कागद तयार केला. जहाज कोणत्या देशात नोंदलेले आहे? रात्री तक्रार करावयाची झाल्यास कोणाकडे, आणि तिची लेखी पोच मिळते काय? जहाजावर महिला सुरक्षारक्षक व डॉक्टर आहेत काय? केबिनची दुसरी किल्ली कोणाकोणाकडे असते? वाद उद्भवल्यास न्यायालय कोठले? त्याखाली स्वतःसाठीही काही सूचना लिहिल्या: दाराला आतली कडी लावूनच झोपावे, पेला नजरेआड होऊ देऊ नये, काही घडल्यास कपडे व खोली तशीच ठेवून ताबडतोब डॉक्टरकडे जावे, तक्रार लेखीच द्यावी आणि बंदराला लागताच पोलिसांत नोंदवावी.

तो कागद घेऊन त्या तिकीट विकणाऱ्याकडे गेल्या. त्याने तो दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे सांगितले, "मॅडम, हे आजवर कोणी विचारलंच नाही." कंपनीला विचारून कळवतो म्हणाला. एका प्रश्नाचे उत्तर आले, चारांचे आले नाही.

दोघी जाऊन आल्या. सहल उत्तम झाली. येताना विभागासाठी गोव्याचे काजू आणले. पुढल्या वर्षी आईलाही नेणार आहेत. कागद आम्ही विभागाच्या फलकावर लावून ठेवला आहे. उरलेल्या चार उत्तरांची जागा त्यावर अजून मोकळी आहे.