गर्दीतील एकाकीपण आणि मराठी कथा

स्त्रीच्या मनाची कोंडी मराठी कथेने पुष्कळ आधी ओळखली, हे मान्य करावयास हवे. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह आला आणि महाराष्ट्रात गहजब उडाला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु अविवाहित मुलींचे दुःख मालतीबाई बेडेकरांनी त्यात मांडले होते. संतापाचे कारण त्या मुली दुःखी होत्या हे नव्हते. त्यांनी ते दुःख बोलून दाखविले, हे होते. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे त्यातील एका कथेचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे.

पुढे ही वाट अनेकांनी चोखाळली. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'कैरी'तील तानीमावशीचे सोसणे आपल्याला कळते ते एका मुलाच्या नजरेतून. तिच्यावर जीव असलेला तो एकुलता एक साक्षीदार तिच्यासाठी काहीच करू शकत नाही. कमल देसाई यांच्या 'रंग' (१९६२) या संग्रहापासून दिसणारी स्त्री मात्र निराळी. जगाशी फटकून राहण्यात तिचा स्वतःचा हट्टही आहे. एकीवर एकटेपण लादलेले, दुसरीने ते काही अंशी पत्करलेले. आपली समीक्षा या दोघींना 'एकाकी स्त्री' या एकाच खणात घालून मोकळी होते, याचे नवल वाटते.

परंतु या कथांतील बहुतेक स्त्रियांना एक गोष्ट लाभलेली असते : निवांत दुपार, एखादी खिडकी, स्वतःशी बोलण्यापुरती शांतता. वसई गावातील होळीच्या बाजारात घटकाभर उभे राहावे, म्हणजे ही चैन किती जणींच्या वाट्याला येत नाही ते समजते. येथील भाजीवाली, मासळीवाली किंवा पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणारी नोकरदार बाई दिवसभरात क्षणभरही एकटी नसते. गिऱ्हाईक, सासर, भावकी, देऊळ अथवा चर्च, लग्नकार्ये, आणि श्वास घेणे मुश्किल व्हावे असा विरार लोकलचा डबा! माणसांची वाण नाही; वाण आहे ती ऐकणाऱ्याची. बायकांच्या डब्यात कधी मन मोकळे होते खरे, पण स्थानक आले की तेही तुटते. हे एकाकीपण खिडकीत बसलेल्या नायिकेहून कमी खोल नाही. ते कथेत मात्र क्वचितच उतरले आहे.

पूर्वी निदान जाते होते. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी चालविलेल्या संकलनात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सासुरवाशिणीने माहेर, भाऊ, कष्ट, सारे काही सांगितले आहे, आणि पुष्कळदा ते जात्यालाच सांगितले आहे. पिठाच्या गिरणीने तिचे श्रम वाचविले, हे चांगलेच झाले. त्या दगडाइतके निमूटपणे ऐकणारे दुसरे कोणी मात्र घरात आले नाही.

वसईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिकांनी येथील जीवन मराठी साहित्यात आणले. पण या पट्ट्यात अनेक घरांतून बोलली जाते ती वाडवळी किंवा सामवेदींची कादोडी. बाई रागावते, रडते, देवाला साकडे घालते ते त्या बोलीत. तिची कथा मात्र छापून येते प्रमाण मराठीत. उर्मिला पवार यांच्या 'कवच'मधील आंबे विकणारी आई तिच्या कोकणी वळणाच्या बोलीत बोलते, म्हणूनच तिचा ताठा वाचकाच्या मनावर ठसतो. तरीही आपल्याकडची सर्वसाधारण रीत अशी की संवाद बोलीत आणि पात्राच्या मनातील विचार शुद्ध भाषेत. जणू मनात विचार करताना प्रत्येक स्त्री शाळामास्तरीण होते! २००९ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात त्या बोली ऐकणारे कान झपाट्याने कमी होत आहेत. होळीच्या बाजारात टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीची नात आजीचे म्हणणे समजते, पण उत्तर देते ते शाळेतल्या भाषेत. आणि आजी तिला सांगावयाचे होते त्यातले अर्धे सांगतच नाही.